वरातीत गेलेली बत्ती

माझी धाकटी मेव्हणी सुभद्रा हिचं लग्न झालं ते साल एकोणीसशे शहात्तर. वैशाखातला रविवार होता. ती तारीख आमच्या घरात कोणी विसरत नाही, कारण दुसऱ्या दिवशी सोमवारी मी आणि माझे सासरे नानाजी खाणीत अडकलो.

सावनेरकडच्या एका कोळसा खाणीत मी कामाला होतो. नानाजी तिथे मुकादम. त्यांच्या शब्दावर मला काम मिळालं आणि पुढे त्यांची थोरली मुलगी प्रेमिला मिळाली. मी त्यांना मामाजी म्हणायचो. ते मला खाली खाणीत गिरिधर म्हणायचे आणि वर आलं की जवाईबापू.

खाली उतरायच्या आधी प्रत्येकजण बत्तीघराच्या खिडकीत आपला पितळी बिल्ला द्यायचा आणि आपल्या नंबरची बत्ती घ्यायचा. बत्ती म्हणजे टोपीला लावायचा दिवा. त्याची वायर पाठीवरून खाली येते आणि कमरेच्या पट्ट्याला अडकवलेल्या बॅटरीत जाते. बॅटरी चांगली वजनदार. नव्या माणसाची कंबर पहिले काही दिवस धरून येते. पाळी संपली की बत्ती परत द्यायची, बिल्ला परत घ्यायचा. देवराव नावाचा बत्तीवाला ती हातात घ्यायचा, बंद करायचा, पुसायचा आणि मांडणीवर लावायचा. तिथे ती रात्रभर वीज पीत राहायची.

देवराव बॅटऱ्यांची काळजी दुभत्या जनावरासारखी घ्यायचा. अर्धी भरलेली बॅटरी मांडणीवरून काढायची नाही. दिवा पिवळा पडून विझेपर्यंत तिला राबवायचं नाही. पाणी कमी झालं की बाटलीतलं साफ पाणी घालायचं, नळाचं नाही. त्याच्या खिडकीवर एक पाटी होती. तेव्हा मला वाचता येत नव्हतं. पुढे आलं तेव्हा वाचली: काम नसताना बत्ती बंद ठेवावी.

ती पाटी ज्यांना वाचता येत होती तेसुद्धा पाळत नव्हते. आमच्या खाणीत एक रीत होती. खाली असताना कोणी आपली बत्ती बंद करायची नाही. बत्ती बंद करायची ती देवरावनेच, वर आल्यावर, खिडकीत. त्याने खटका फिरवला की माणूस सुखरूप परत आला. आपल्या हातानं खाली बंद केली तर आपण परत येणार नाही असं आपणच बोलल्यासारखं होतं. त्यामुळे भाकर खाताना बत्त्या सुरू, टेकूच्या लाकडाची वाट पाहत बसलो तरी सुरू.

"जेवतानी तरी बंद करत जा गा," देवराव म्हणायचा. "बॅटरीचं आयुष्य वाढते."

"बॅटरीचं वाढते, अन् आपलं कमी होते," नानाजी म्हणायचे. "तू बॅटरी सांभाळ, मी माणसं सांभाळतो."

ही रीत सगळ्यात कडक पाळणारे नानाजीच. शिवाय आपल्या नंबरची बत्ती दुसऱ्याच्या डोक्यावर द्यायची नाही आणि दुसऱ्याची आपल्या डोक्यावर घ्यायची नाही, ही त्यांची स्वतःची वेगळी जोड.

तर लग्न. नवरदेव रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात कंपाउंडर होता. वरात नागपूरहून आली. मुहूर्त संध्याकाळचा. वरात मारुतीच्या देवळातून निघणार तेवढ्यात कॉलनीतली लाइन गेली. गॅसबत्तीवाल्याने त्या दिवशी बहुतेक तीन ठिकाणी होकार दिला असावा, कारण तो आलाच नाही. नानाजी अंधारात फेटा सावरत इकडून तिकडे पळत होते.

देवराव म्हणाला, "मुकादम, घाबरता काहून? माह्याकडे एवढ्या बत्त्या रविवारच्या रिकाम्या पडून आहेत."

"साहेब?"

"साहेब नागपूरले गेला."

अशी आमच्या सुभद्राची वरात निघाली. बँडच्या पुढे खाणीतले पोट्टे, डोक्यावर टोपी, टोपीवर बत्ती, सगळे उजेड एकमेकांवर पडताहेत. नवरदेवाचा मामा म्हणाला, "अरे बाप्पा, ही वरात आहे का पोलिसची धाड?" पण थोड्या वेळाने तोच टोपी मागून नाचला. नानाजींनी आपली बत्ती कोणाला दिली नाही. फेट्यावरून टोपी बसेना, म्हणून फेटा काढून ठेवला आणि बत्ती लावून स्वतःच नाचले. मुलीचा बाप असा नाचताना आमच्याकडे कोणी पाहिला नव्हता.

मी मात्र वरातीत नव्हतो. मी रुसलो होतो.

आमच्याकडे लग्नघरात मोठा जावई रुसतो. रुसलाच पाहिजे, नाहीतर लोक विचारतात याला कोणी मान देत नाही का. मग सासऱ्याने येऊन काय पाहिजे ते विचारायचं, आणि जावयाने मागितलेलं मोडायचं नाही. मला तर कारणही होतं. मला द्यायचा कोशाचा रेशमी फेटा गडबडीत नवरदेवाच्या मामाला बांधला गेला होता. मी मांडवामागे कडुलिंबाखाली बाजेवर जाऊन बसलो. प्रेमिला दोनदा येऊन गेली. "उठा ना जी, लोकं पाहून राहिले," म्हणाली. मी उठलो नाही.

शेवटी घामाघूम नानाजी आले. डोक्यावर बत्ती तशीच. माझ्या डोळ्यांवर उजेड मारून म्हणाले, "जवाईबापू, मांगा. काय पायजे?"

"विचार करतो."

"लवकर करा. वरात दारात आली."

"मंग राहू द्या. उद्या मांगतो."

"उद्या मांगा. नाई म्हटलं तर नाव बदला माझं."

माझ्या मनात घड्याळ होतं. ते मी सासूबाईंना, रुखमाबाईंना, आधीच बोललो होतो.

माणसांची जेवणं, भांडी, मांडवातली आवराआवर, सगळं त्याच बत्त्यांच्या उजेडात झालं. त्या मांडणीवर परत गेल्या तेव्हा बत्तीघरातही लाइन नव्हती. ती पहाटे आली. सोमवारी सकाळी पहिल्या पाळीला खिडकीशी गेलो तर देवरावचं तोंड उतरलेलं.

"वरातीच्या बत्त्यांनी काहीच खाल्लं नाई," तो म्हणाला. "उपाशी आहेत. मुकादम, तुम्ही दुसऱ्या नंबरची घेऊन जा. ही राहू द्या दिवसभर मांडणीवर."

"दुसऱ्याची घेत नाई मी."

"अर्ध्या पाळीत पिवळी पडन."

"मंग अर्ध्या पाळीत वर येतो. आज माणसं तरी कुठं आली? निम्मे तं माह्याच मांडवात झोपून आहेत."

रुसण्याचा एक फायदा झाला होता. माझी बत्ती शनिवारपासून मांडणीवरच होती, पोटभर.

नानाजींनी त्या दिवशी सुट्टी घ्यायला हवी होती, असं नंतर सगळे म्हणाले. पण माणसं कमी, म्हणून मुकादम हजर. आम्ही दोघे एका गॅलरीच्या, म्हणजे कोळसा काढलेल्या बोगद्याच्या, टोकाला छत पाहायला गेलो. छत पाहणं म्हणजे काठीने ठोकून त्याचा आवाज ऐकणं. घट्ट छताचा आवाज वेगळा, सुटलेल्या थराचा वेगळा. नानाजी ठोकत पुढे गेले. एका जागी थांबले, पुन्हा ठोकलं आणि म्हणाले, "मागं हो."

मी मागे झालो नाही, कारण मागचंच छत आधी खाली आलं.

धूळ बसली तेव्हा आम्ही आलो ती वाट नव्हती. तिथे दगडाचा ढीग होता, खालपासून छतापर्यंत. पुढे कोळशाची भिंत. मध्ये आम्ही, एखाद्या खोलीत मावू तेवढ्या जागेत. नानाजी पाठीवर पडले होते आणि त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली एका दगडाखाली होता. मी दगडाला हात घातला.

"हात काढ!" ते ओरडले. "वर पाह."

मी वर पाहिलं. पायावरच्या त्या दगडावरच छताचा एक मोठा थर टेकून उभा होता, दारासारखा तिरपा. खालचा दगड हलवला तर वरचा थर सरळ त्यांच्या छातीवर येणार. म्हणजे पायावरचा दगडच त्यांना दाबत होता आणि वाचवतही होता.

मोडलेल्या टेकूंची लाकडं जवळ पडली होती. त्यातली दोन मी थराखाली ठोकून बसवली. लाकूड आखूड, जमीन खडबडीत. टेकू धरला, पण मधूनमधून वरून खडे गळायचे आणि टेकू थोडा कण्हायचा. तसं झालं की लगेच पाचर मारून तो घट्ट करावा लागे. उजेड नसेल तर ते करता येणार नव्हतं. आमच्याकडे पाणी होतं, हवा कुठून तरी येत होती. प्रश्न उजेडाचा होता. बाहेरचे येईपर्यंत बत्ती पुरली तर नानाजी वाचतील.

मी त्यांच्या बत्तीकडे पाहिलं. ती आताच पिकल्या लिंबासारखी दिसत होती.

"मामाजी, बत्ती बंद करा तुमची. माझी सुरू आहे. माझी संपली का मंग तुमची लावू."

"नाई."

"दोन दोन कायले जाळता? पाहून राहिले ना, पिवळी पडली."

"पडू दे. विझन तवा विझन. मी नाई बंद करत."

"मी करतो."

"हात नको लावू." त्यांनी टोपी दोन्ही हातांनी धरली. "काल पोरीचं कन्यादान केलं मी. हळद निघाली नाई तिची. अन् आज माह्या बत्तीवर इथं खाली हात टाकतो तू? देवराव बंद करन. देवराव, वर."

मी त्यांना समजावलं. चिडलो. मुकादम म्हणून तरी समजून घ्या म्हटलं. ते छताकडे पाहत पडून राहिले आणि त्यांची बत्ती उगाच छतावर जळत राहिली, जिथे माझ्या बत्तीचा उजेड आधीच पडलेला होता. मला असं वाटलं की मी दोनदा अडकलो आहे, एकदा दगडात आणि एकदा या माणसात.

मग मी त्यांच्यापासून जमेल तेवढा दूर सरकलो, भिंतीला पाठ लावली आणि तोंड फिरवून बसलो.

काही वेळाने ते म्हणाले, "काय झालं?"

मी भिंतीकडेच पाहत राहिलो.

"गिरिधर?"

"मी रुसलो."

"काय?"

"जावई रुसला. काल उद्या मांगा म्हटलं होतं तुमी. आज उद्या झाला."

मग त्यांच्या घशातून एक आवाज आला. ते हसत होते की कण्हत होते, मला कळलं नाही.

"लय हरामी आहे बे तू," ते म्हणाले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी जावयाला असं म्हटलं. "घड्याळ मांग ना. रुखमा म्हणे तुले घड्याळ पायजे."

"घड्याळात काय पाहू इथं? मले बत्ती पायजे. बंद केलेली."

"दुसरं मांग."

"नाई. तुमचं नाव बदलू का?"

किती वेळ गेला सांगता येत नाही. मग त्यांनी टोपीवरचे हात काढले. "मी नाई करणार," ते म्हणाले. "माह्या हातानं नाई. तुले मान पायजे, तू घे." आणि लहान मूल केस विंचरून घ्यायला डोकं पुढे करतं तसं त्यांनी डोकं माझ्याकडे वळवलं. डोळे मिटून घेतले. मी खटका फिरवला.

थोड्या वेळाने मी माझीही बंद केली.

खाणीतला अंधार वर राहणाऱ्या माणसाला सांगून कळणार नाही. रात्रीला आभाळ असतं. इथे डोळे उघडे आहेत की मिटलेले हे हात लावून पाहावं लागतं. मी एक हात टेकूवर ठेवला होता, लाकूड हललं तर कळावं म्हणून, आणि दुसरा नानाजींच्या खांद्यावर. खडे गळाले की बत्ती लावायची, पाहायचं, पाचर मारायची, पुन्हा बंद. उजेड आला की ते आधी माझ्या तोंडाकडे पाहायचे. मग आपला पाय पाहायचे. बंद केली की लगेच विचारायचे.

"आहात का, जवाईबापू?"

"हाव, मामाजी."

खाली असून जवाईबापू.

एकदा म्हणाले, "आता सुभद्रा नागपूरले पोचली असन."

"कवाच."

"तिचा सासरा म्हणे, पुढच्या पोराच्या लग्नातही याच बत्त्या आणा."

"देवराव देईन?"

"आता? बाप्पा! तो तं कुत्र्यालेही वास घेऊ देणार नाई."

मग त्यांचा श्वास जोरजोरात चालू लागला आणि ते म्हणाले, "लाव. एकदा लाव. पाहू दे."

"खडे नाई पडले मामाजी."

"मले पाहायचं आहे."

"काय?"

"काहीबी."

मी लावली नाही. त्यांचा खांदा दाबून धरला. ते रडले. अंधारात रडणाऱ्या सासऱ्याचा खांदा धरून बसायचं म्हणजे काय, हे मी इथे लिहितो आहे, पण प्रेमिलाला मी कधी सांगितलं नाही. मलाही त्या वेळी दगडांवर डोकं आपटून घ्यावंसं वाटत होतं. भिंत हाताला लागायची, छत हाताला लागायचं, ढीग पायाला लागायचा. कुठेही हात पुरता लांब करता येत नव्हता.

ढिगाच्या पलीकडून ठोकल्याचा आवाज आला तेव्हा नानाजी झोपले होते की बेशुद्ध होते, मला माहीत नाही. मी काठीने उलट ठोकलं. पलीकडून उत्तर आलं. पण आवाज ऐकून आनंद व्हायच्या आधी मला भीती वाटली. ते दगड काढत येणार. कोणता काढू नये हे त्यांना दिसणार नाही. ढिगाला धक्का बसू लागला तशी आमची खोली पुन्हा गळू लागली. आता बत्ती बंद करण्याची सोय नव्हती. मी सतत उजेडात पाचरी मारत राहिलो. आणि दगडांच्या फटीतून पलीकडचा पहिला आवाज स्पष्ट आला तेव्हाच माझी बत्ती लाल झाली. पोटभर भरलेली होती, पण तिलाही शेवट होता. निखारा विझावा तशी ती गेली.

मी चाचपडत नानाजींच्या टोपीशी गेलो आणि खटका फिरवला.

वाटलं होतं येणार नाही. आली. पिवळी, पण आली, आणि बंद केली तेव्हापेक्षा जरा ताजी. बॅटरीला उसंत मिळाली की ती थोडी सावरते, हे देवरावने मला नंतर सांगितलं. तेव्हा मला एवढंच दिसलं की तिरप्या थराची कड टेकूवरून सरकते आहे. बत्ती त्यांच्या डोक्यावरून काढायची नव्हती, वेळही नव्हता. मीच त्यांचं डोकं एका हाताने थराकडे वळवून धरलं आणि दुसऱ्या हाताने पाचर ठोकली. मग फटीकडे वळवून ओरडलो, "तुमच्या डावीकडचं काढू नका! डावीकडं माणूस आहे!"

"काय सांगून राहिला?"

"उजवीकडून या! वरून!"

ते उजवीकडून आले. ढिगाच्या माथ्यावर भोक पडलं आणि त्यातून इतके उजेड एकदम आत आले की मी हात डोळ्यांवर घेतला. त्या माणसांनी थराखाली चांगले टेकू दिले, मग पायावरचा दगड उचलला. नानाजी तेव्हा ओरडलेसुद्धा नाहीत.

वर आलो तेव्हा पुन्हा सकाळ झाली होती. स्ट्रेचरवर नानाजी, त्यांच्या डोक्यावर बत्ती तशीच, उन्हात दिसेल न दिसेल इतकी. डॉक्टरच्या माणसाने टोपी काढायला हात पुढे केला तर नानाजींनी त्याचा हात धरला. "बत्तीघर," म्हणाले. गाडी उभी होती, रुखमाबाई रडत होत्या, तरी स्ट्रेचर आधी खिडकीशी न्यावं लागलं. देवराव बाहेर आला. तो कालपासून घरी गेला नव्हता. खटका त्याच्या बोटांतून दोनदा निसटला.

"कर गा लवकर," नानाजी म्हणाले. "भरलेली नाई दिली, बंद तरी नीट कर."

देवरावने बत्ती बंद केली.

नागपूरच्या दवाखान्यात त्यांचा पाय गुडघ्यापासून काढला. नव्या जावयाने, कंपाउंडरने, तिथे उशाशी बसून सगळं केलं. मांडवपरतणीला सुभद्रा घरी आली नाही, दवाखान्यातच आली. मी भेटायला गेलो तेव्हा नानाजी म्हणाले, "पाहिलं? देवरावच्या हातानं बंद व्हायला पायजे होती, तुह्या हातानं झाली. म्हणून अर्धाच वर आलो."

"पुरे आले असते तं मेलेले आले असते, मामाजी."

"तेही खरं आहे. घड्याळ आता भेटणार नाई."

एका पायाचा मुकादम खाली जाऊ शकत नाही. त्यांना बत्तीघरात काम मिळालं. देवरावच्या शेजारी स्टुलावर बसून ते बॅटऱ्यांत पाणी घालायचे, मांडणीवरचा विजेचा काटा पाहायचे. ज्या खिडकीतून ते आयुष्यभर बत्ती घेऊन गेले, त्या खिडकीच्या आत आता ते बसले होते. पाळी उतरायला लागली की ते स्टुलावरून थोडे उठायचे, कुबडी सापडायची नाही, आणि पुन्हा बसायचे. मला ते पाहवत नसे. एकदा मी म्हटलं, घरी राहा. म्हणाले, "घरी काय आणि इथं काय. भिंत तं हाताले लागतेच."

पण बत्तीच्या बाबतीत ते देवरावपेक्षा कडक झाले. भरलेली नसेल तर मॅनेजरलाही देत नसत. लग्नासाठी कोणी बत्ती मागायला आलं तर कुबडी उगारायचे. आणि आमच्या वेळची ती रीत त्यांनीच मोडली. बत्ती देताना प्रत्येकाला सांगायचे, "जेवतानी बंद करजो."

नवे पोट्टे म्हणायचे, "अन् अपशकुन?"

"तो माह्यावर टाकून दे. माह्या नावावर एक पाय जमा आहे."

मी वर आलो की माझी बत्ती ते देवरावला घेऊ देत नसत. खिडकीतून हात बाहेर काढून टोपी स्वतः घ्यायचे, खटका स्वतः फिरवायचे.

माझे सासरे नानाजी एकोणीसशे पंच्याऐंशीच्या डिसेंबरात, घरी, दुपारी वारले. देवराव त्यांच्या दोन वर्षं आधी गेला होता.